हजारात एक

शितावरून भाताची परीक्षा होते, या एका विश्वासावर सगळी मानवी संस्कृती उभी आहे, असं मेलेआने म्हणाली.

"संस्कृती राहू दे, बाई," साहेब इनोके म्हणाला. "इंटरनेटची लाइन कोण खातंय ते सांग. दवाखाना अडतोय."

नेइआफूच्या केबल कचेरीतला राउटर बारा वर्षांचा, धापा टाकणारा. नवा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या बोटीनं यायचा होता. जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटाची नोंद करायला लावली, तर हा मान टाकणार आणि दवाखाना राजधानीतल्या डॉक्टरांना मुकणार. म्हणून तिनं हजारातलं एक पाकीट तपासायचं ठरवलं.

पहिल्याच सकाळी, साडेआठला, यादीत मोतुहिफो बेटावरच्या शाळेचा पत्ता आला.

ती शाळा तीन वर्षांपूर्वी समुद्रानं नेली होती. पोरं होडीत बसून सुटली. हावेआ मास्तर हजेरीपट आणायला परत गेले, ते गेलेच. रोज साडेआठला पट पाठवायची सोय त्यांना मेलेआनेनंच करून दिली होती. तीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

दिवसाला एक पाकीट. हजारात एक या हिशेबानं ते तीन वर्षांतून एखादवेळी सापडावं. इथे रोज सापडत होतं. शनिवार-रविवार सोडून.

"मशीन म्हातारं झालंय," इनोके म्हणाला. "म्हातारी माणसं मेलेल्यांशी बोलतात. माझ्या आईला बघ."

"तुमची आई रविवारीही बोलते, काका."

तिनं दहा हजारात एक केलं. राउटरची धाप कमी झाली. साडेआठला शाळा आली.

लाइन खाणारा सापडला: इनोकेच्या मेव्हण्याचं हॉटेल. काम झालं म्हणून तिनं तपासणी पार बंद केली.

साडेआठला शाळा आली.

नोंदीत मजकूर नसतो, फक्त आकार असतो. रिकामा पट एकशेवीस बाइट, हजर पोरामागे आणखी चाळीस, हे तिनंच ठरवलेलं. रोज एकशेसाठ येत होते.

एक पोर हजर.

गुरुवारी रस्त्यात डुकरं आडवी आली. ती पहिल्यांदाच उशिरा, पावणेनऊला पोचली. साडेआठची नोंद बघितली.

एकशेवीस.

ती खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच इनोकेला फोन लावला.

"राउटर गेला काय?" त्यानं विचारलं.

"नाही. दवाखानाही चालू आहे. काका, उद्या जाता जाता मला घरून घ्याल का? आठच्या आत."