बाबांचे दहा

घड्याळ दुरुस्त करून आणायचं, एवढंच काम होतं. नोव्हेंबर नुकताच लागला होता आणि अमेरिकेतली घड्याळं आदल्या रात्रीच एक तास मागे गेली होती. निमिष आणि त्याची बायको इला त्या रविवारी सकाळी शिकागोजवळच्या शॉमबर्गहून निघाले ते थेट शेजारच्या एल्जिनला. एकेकाळी या गावात घड्याळांचा मोठा कारखाना होता. आता उरलं होतं ते एक लहानसं म्युझियम.

खिशातलं घड्याळ त्याच कारखान्यातलं. निमिषच्या वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, ते नागपूरला सीताबर्डीच्या जुन्या बाजारात घेतलेलं. लेकाला आपल्या घड्याळाच्या गावाशेजारीच नोकरी लागली म्हटल्यावर म्हातारा हरखून गेला. त्या दिवसापासून घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर. त्यात सकाळचे दहा वाजले की दर रविवारी फोन. हिवाळ्यात इथली वेळ बदलते, हे काही त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. मग फोन नऊलाच यायचा. "झोपला होता का रे?" ते विचारायचे. "नाही बाबा, जागाच होतो," निमिष म्हणायचा. त्यांची चूक त्याने कधी सांगितली नाही. उलट हिवाळ्यात तो अलार्म लावून उठायचा.

जूनमध्ये बाबा गेले. व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं. निमिष भारतात गेला असता तर परत यायचा भरवसा नव्हता. अग्नी चुलतभावाने दिला. पुढे मावशी आली तेव्हा तिने घड्याळ आणलं, ते बंदच. ते चालू झालेलं एकदा कानाला लावायचं, याखेरीज निमिषला काही नको होतं.

म्युझियममध्ये पाऊल टाकलं आणि इला थबकली. भिंती भरून घड्याळं, पण आवाज नाही. तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास तेवढा कोंडलेला. सगळे लंबक स्थिर, सगळे काटे दहावर.

"जुनी घड्याळं मागे फिरवत नाहीत, यंत्र बिघडतं," तिथली म्हातारी बाई हळू आवाजात म्हणाली. "तासभर थांबवून ठेवायची. खरे दहा वाजले की पुन्हा सोडायची."

तिने बाबांचं घड्याळ उघडलं, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"यात स्प्रिंगच नाही. कित्येक वर्षं नसावी... आत धूळ बसलीय." तिने ते मिटून इलाच्या हातात दिलं.

"पण बाबा यातच वेळ बघून फोन करायचे," निमिष म्हणाला.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. बाईने उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर निमिषपुढे धरला.

"तुमच्यासाठी. कोणी वयस्कर गृहस्थ आहेत."

"आपण इथे येणार हे तू कोणाला सांगितलंस?" इलाने विचारलं.

"कोणालाच नाही..."

रिसीव्हरमध्ये खरखर होती. मग लांबच्या फोनवर पडतो तसा क्षणभराचा खंड.

"झोपला होता का रे?"

निमिषने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "नाही बाबा... जागाच होतो."

त्याचेच शब्द पलीकडून फिरून त्याच्या कानावर आले.

"मग... का नाही आला?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. व्हिसा, वकील, कागदपत्रं, सगळं निमिषच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. तो नुसता रडत उभा होता. फोन कधी बंद झाला ते त्याला कळलंही नाही.

तास भरला. बाईने एकेक लंबक हलवून सोडला. खोली टिकटिकीने भरून गेली.

"निमिष..." इलाने मूठ उघडली. "हे चालू झालंय."

कानाला लावायचा धीर त्याला झाला नाही. भिंतीवर सगळीकडे दहा वाजले होते. बाबांच्या घड्याळात अकरा.