रवीचे आवळलेले टाके

अध्यक्षसाहेब, दोन माणसांच्या मध्ये तुम्ही आलात. तो हॉल वस्तीच्या वर्गणीतून उभा राहिलाय, तुमच्या घरचा ओटा नाही. तरी विहार समितीचे अध्यक्ष म्हणून तिथे कोणी बसायचं ते तुम्हीच ठरवलंत!

रविवारी बुद्धवंदना आटोपली की विहाराशेजारच्या त्या हॉलमध्ये संजना बायकांना विणकाम शिकवायची. थंडीतल्या एका रविवारी दारात एक उंच पोरगा आला. हातात लोकरीचा गुंडा, तोही मांजराने खेळून टाकल्यासारखा.

"मॅडम, पुरुष चालतात का?"

"बसून विणणार असतील तर चालतात."

बायका फिस्सकन हसल्या. रवी अंबडच्या कारखान्यात फिटर. आईसाठी स्वतःच्या हाताने मफलर विणायचा, एवढाच त्याचा हट्ट. पण टाके असे आवळायचा की दुसरी सुई आत शिरेचना.

"अहो, नट कसताय का? हात सैल सोडा."

"सोडला की टाका पळतो."

"पळू दे... उचलू परत."

त्याच्या बोटावर लोकर गुंडाळून देताना तिची बोटं जरा रेंगाळली. त्याने पाहिलं. त्याने पाहिलं हे तिनेही पाहिलं... पुढच्या रविवारी 'अहो' गळून पडलं. मफलर मात्र एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला हातभर!

"हा मफलर आहे की पतंग?"

"मुद्दाम चुकतोय. नीट जमलं, तर इथे यायला कारण काय सांगू?"

ती लाजली नाही, खळखळून हसली. तेच कोणीतरी तुमच्या कानावर घातलं असणार, साहेब.

"हा बायकांचा वर्ग आहे. ऊठ," त्यानंतरच्या रविवारी हॉलमध्ये येऊन तुम्ही त्याला म्हणालात.

रवी उठला. दारात थांबला, संजनाकडे बघत. 'हा माझा विद्यार्थी आहे', इतकंच बोलायचं होतं तिने. पण हॉल जाईल, बाबांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागेल... ती घाबरली. मान खाली घालून विणत राहिली. तो गेला. लाजेने तिने फोनही केला नाही, आणि थंडी सरली.

उन्हं तापल्यावर एका दुपारी शिफ्ट सुटताना ती कारखान्याच्या गेटसमोर उभी राहिली.

"संजना? तू इथे?"

"चुकलं माझं. तेव्हा बोलायला हवं होतं."

"हो. हवं होतं," तो म्हणाला. रागावला नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"तो हॉल सोडला मी. आता घरीच शिकवते. बाबांना सगळं सांगून आलेय."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे... तू मला आवडतोस. लग्न करायचं तर तुझ्याशीच."

त्याच्या हातातला डबा तसाच लोंबकळत राहिला.

"पिंपळगावला मुलगी बघायला जायचंय, रविवारी. आईने शब्द दिलाय."

"आणि तुला? तुला जायचंय?"

तो बुटाच्या टोकाने माती उकरू लागला. मागून हॉर्न वाजत होते.

"खाली नको बघूस, रवी. नाही म्हणालास तर रिक्षा पकडून जाईन घरी. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय हलणार नाही. बोल... जायचंय का तुला?"