दोन बरोबरची चिन्हं

दवाखान्यात खाटेशेजारी असतात त्या मॉनिटरचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याचे सगळे भाग जोडणारी बिल्ड स्क्रिप्ट माझ्याकडे होती. तिच्या एका अटीत मी एकाऐवजी दोन बरोबरची चिन्हं टाकली. माझ्या मशीनवरच्या शेलला, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, ती चालतात. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरचा शेल साधा, त्याला ती कळेनात. त्याने बारीकशी तक्रार छापली, अट खोटी धरली आणि अलार्मचा भाग वगळून पुढे गेला. दवाखान्यात जाणारी प्रत त्याच मशीनवर तयार होते.

एका रुग्णाची नाडी मंदावली तेव्हा मॉनिटर गप्प राहिला. नर्सचं सहज लक्ष गेलं म्हणून तो वाचला.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "प्रत पाठवली कोणी?"

"मी," काका म्हणाले. ते आमच्यातले सर्वांत जुने. मला काम त्यांनीच शिकवलं. मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसले. त्याच आठवड्यात काकांना घरी बसवलं.

मी जादा चिन्ह खोडलं आणि बदलाचं कारण लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'.

बिल्ड चालताना एकेक तपासणी पडद्यावर उमटते. कंपायलर: आहे. अलार्म: आहे. त्या दुपारी खाली आणखी एक ओळ आली.

सांगितलं का: नाही.

स्क्रिप्टमध्ये अशी ओळ नव्हती. मी सगळ्या फायली धुंडाळल्या, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ओळ आलीच.

चाचणी विभागातली ताई मागे येऊन उभी राहिली. "हे कशाबद्दल गं?"

"काय माहीत."

पुढच्या बिल्डला ती ओळ दोनदा आली.

जिन्यात साहेब भेटले. "काकांची चूक निस्तरली ना?"

"हो," मी म्हणाले.

तीनदा.

संध्याकाळी काकांकडे गेले. काकूंनी दार उघडलं, 'ये' म्हणाल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "बैठकीच्या आधीच बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या तोंडून येईल असं वाटलं."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

सकाळी सगळ्यांसमोर कबूल केलं. साहेबांनी तिथूनच काकांना फोन लावला आणि स्क्रिप्ट माझ्याकडून काढून घेतली. ती सोपवण्याआधी मी शेवटची बिल्ड चालवली.

अलार्म: आहे. खाली काही नाही.

सांगायला ताईकडे वळले. प्रत बाहेर जाण्याआधी अलार्म वाजवून बघणं तिचं काम. अलार्म नसलेल्या त्या प्रतीवर तिचीच सही होती, हे माझ्या तेव्हा प्रथम लक्षात आलं.

तिच्या मशीनवर बिल्ड चालू नव्हती.

तरी पडद्यावर त्याच 'नाही'च्या ओळी वर सरकत होत्या, एकसारख्या, थांबत नव्हत्या. आणि ती दोन्ही तळव्यांनी त्या झाकायला बघत होती.