सत्कारात हुंग्या बसला

इंदुमती सबनीसांच्या सत्काराचा हार हुंग्याने आणायचा, असं ठरलं होतं. हुंग्या म्हणजे बोकडाएवढं, सहा पायांचं यंत्र. पुढे गंधवेधी, म्हणजे हवेत तरंगणारे स्फोटकांचे चार कणसुद्धा हेरणारं नाक. सुरुंग सापडला की हा गडी तिथंच बसकण मारतो. सैन्यासाठी त्याला घडवलं ते इंदुमतीबाईंनी, आणि किती जवानांचे पाय वाचले याची गणतीच नाही.

आता मात्र उपग्रहावरून सुरुंग दिसू लागले होते. म्हणून बाईंना शाल-श्रीफळ आणि सगळ्या हुंग्यांना संग्रहालय! बाईंचा जीव तुटत होता. सीमेवरच्या एका गावाची शेतं सुरुंगांपायी पिढ्यान्‌पिढ्या पडीक होती, आणि उपग्रहाच्या यादीत त्या गावाचा नंबर लागायला अजून दहा वर्षं होती. हुंगे तिकडे धाडा, म्हणून त्यांनी ब्रिगेडियर भोइट्यांचा पिच्छा पुरवला होता.

"मॅडम, यंत्रं म्हातारी झाली. चुकली तर?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नगरच्या शाळेच्या पटांगणात टाळ्या पडल्या, हुंग्या हार घेऊन ऐटीत निघाला आणि व्यासपीठाच्या पायरीपाशी बसला तो बसलाच.

"झालं! मेल्याला आजच मुहूर्त सापडला," संयोजक गुंजाळ कपाळावर हात मारत म्हणाले.

"बघा मॅडम, थकलाय बिचारा," भोइटे हळूच म्हणाले.

बाई भडकल्या. "थकायला तो काय माणूस आहे? गुंजाळ, पायरीखाली काय ठेवलंय?"

"काही नाही हो, सतरंजी..." गुंजाळांचा चेहरा पडला. "आणि फटाक्यांची माळ. तुम्ही शाल घेतली की उडवायची होती."

"अहो, जन्मभर मी स्फोटकांच्या मागे लागले, आणि माझ्याच सत्काराला फटाके?"

अख्खं पटांगण खो खो हसत सुटलं. माळ निघाली ती प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घट्ट बांधलेली, तरी पठ्ठ्यानं हेरली होती! भोइट्यांनी हसून हसून डोळे पुसले.

"हरलो, मॅडम. सोमवारी हुंगे सीमेवर निघतील."

बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी भर सभेत ब्रिगेडियरांची पाठ थोपटली.

"पण जमीन मोकळी झाली तरी लोक शेतात उतरतील?" भोइटे गंभीर झाले. "तिथली पोरं बांधावरूनच शेत बघत मोठी झालीत. यंत्राच्या शब्दावर पहिलं पाऊल कोण टाकणार?"

"मी! सोमवारच्या गाडीत माझी जागा धरा," बाई म्हणाल्या. "आणि काय हो, तिकडच्या मातीत अनवाणी चाललं तर पाय फार पोळतात का?"