एक कळशी कमी

भाचेबुवा, प्लॉटचे फोटो नंतर दाखव. समुद्र दिसतोय, नारळाची झाडं दिसतायत, सगळं मान्य. पाणी चाखलंस का तिथलं? नाही ना? मग ठेव तो मोबाईल बाजूला, आणि तुझ्या या दोघा दोस्तांनाही जरा जवळ बसव. मी सांगतोय ते ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं, त्याचं घर मी या हातांनी बांधलंय.

तो बोटीवरचा चीफ इंजिनिअर, निवृत्त झालेला. आम्ही सगळे त्याला चीफच म्हणायचो. त्या रात्री त्याचं काम अगदी साधं होतं. सव्वीस मार्च, बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सामानाचा ट्रक येणार, बरोबर बायको येणार, म्हणून फाटक उघडायला आदल्या रात्री नव्या घरात जाऊन झोपायचं. बरोबर एक खाट, एक बॅटरी आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन. पावणेअकराला त्यानं बायकोला फोन केला. "उद्यापासून आंघोळीला बादल्या मोजायच्या नाहीत," म्हणाला. तीस वर्षं चारी बाजूंनी पाणीच पाणी बघितलेला माणूस, पण जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. त्याला समुद्राकाठी घर हवं होतं आणि घरात भरपूर गोडं पाणी हवं होतं. माणूस वाईट नव्हता. पण दिलेला शब्द त्याला खडूनं लिहिल्यासारखा वाटायचा, अडचण आली की पुसता येणारा.

शब्द कुणाला दिला होता, तेही सांगतो. जमीन एका एकट्या म्हातारीची. अर्धी तिनं चीफला विकली, उरलेल्या अर्ध्यात तिची दोन खोल्यांची जागा. मधोमध विहीर, दोघांत सामाईक. तिची एकच अट होती. मोटार लावायची नाही.

"खाली सगळा समुद्र आहे, बाबा," ती म्हणाली होती. "गोडं पाणी त्याच्यावर सायीसारखं बसलंय. पोहऱ्यानं काढलंस तर जन्मभर पुरेल. मोटार लावलीस की खालचं वर येणार."

"मावशी, शब्द दिला," चीफ म्हणाला. मी तिथंच उभा होतो.

मग स्लॅब पडला. स्लॅबला एकवीस दिवस पाणी पाजावं लागतं, नाहीतर तो तडकतो. वर आळी बांधून पाणी उभं ठेवायचं. तेही गोडंच, कारण खारं पाणी आतलं लोखंड खातं. टँकर त्या बोळात वळेना. चीफ मला म्हणाला, "मिस्त्री, एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे. म्हातारीला ऐकूही कमी येतं." मोटार लागली, टाक्या भरल्या. मी ती लावू दिली. माझंही पाप पदरात घेऊनच सांगतोय.

कामाला घेण्याआधी पाणी बोटानं चाखायचं, ही मला बापाची शिकवण. एकोणिसाव्या दिवशी चाखलं आणि जिभेला टोचलं. म्हटलं, "चीफ, खारं आलं." त्यानं त्याच क्षणी मोटार बंद केली. म्हातारीसाठी नाही रे. स्लॅबसाठी! उरलेले दोन दिवस आणि पुढच्या भिंती, गिलावा, सगळं त्या भरलेल्या टाक्यांवर निभावलं.

विहीर काही सुधारली नाही. म्हातारी दीड किलोमीटरवरच्या नळावर जायला लागली, कमरेवर पितळेची कळशी घेऊन. वय असेल पंच्याहत्तर. एकदा तशीच आमच्या कामावर आली. भिंतीला तळवा लावून बराच वेळ उभी राहिली.

"माझं पाणी यात आहे," ती म्हणाली. "मी ते परत नेणार. कळशी कळशी करून."

चीफ हसला. "मावशी, भिंतीतून पाणी कसं काढणार?"

"ते माझं मी बघीन. तुला एकवीस दिवस हवे होते ना? मलाही तेवढेच पुरे."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. इतकं शांत बोलली की माझ्या हातातली थापी थांबली.

पाच मार्चला भर दुपारी ती रस्त्यात कोसळली. कळशी चेपली, पाणी मातीत गेलं, ती उठलीच नाही. पाच तारखेला गेली, आणि सामान येणार त्याच्या आदली रात्र सव्वीस तारखेची. तुम्ही मोजा. चीफनं मोजलं नव्हतं. त्यानं उलट विहिरीवरचा तिचा लाकडी रहाट काढला, पॉलिश केला, भोवती दिवे लावले आणि हॉलच्या छताला टांगला. शोभेचा म्हणून!

त्या रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"मिस्त्री, गिलाव्यात सिमेंट किती घातलं होतंत? भिंतीला हात लावला तर बोट आत जातंय. पीठ झालंय... कोरडं पीठ."

"काहीतरीच काय, चीफ? दगड झालाय त्याचा."

"मग माझ्या हातात काय आहे?" त्याचा घसा सुकला होता. "थांबा, पाणी पितो."

कॅन ओढल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "कॅन रिकामा आहे. झाकणाचं सील तसंच आहे, मिस्त्री. मी फोडलंच नव्हतं अजून."

नळ सोडल्याचं मला ऐकू आलं. नुसती हवा.

आणि मग तो आवाज. कुईं... कुईं... लाकडाचा. ओळखीचा.

"चीफ, विहिरीवर कोण आहे?"

"विहिरीवर नाही." तो कुजबुजत होता. "वर आहे. हॉलमध्ये. रहाट फिरतोय."

"वाऱ्यानं..."

"खिडक्या बंद आहेत. दोरही नाही त्याला. तरी कुणीतरी ओढतंय... आता थांबलं. ओततंय. परत ओढतंय."

"बाहेर पडा!"

दार. पावलं. धाप.

"मिस्त्री... विहीर भरलीय. काठापर्यंत. गोडं आहे, वासावरून कळतंय..."

मग कठड्यावर कपडा घासल्याचा आवाज.

"हाताला लागत नाही. हात घातला की खाली जातं."

"चीफ, तिथून निघा."

तो माझ्याशी बोलत नव्हता. "मावशी... एक घोट. एकच... चुकलो मी."



मग फोनच्या अगदी जवळ, तिचा आवाज. तसाच, न रागावलेला.

"एक कळशी कमी आहे."

कुईं...

यावेळी एकदाच. लांब. खूप खोलातून ओढावं तसं.

चीफ ओरडला नाही. फोन चालूच राहिला. मागे समुद्र तेवढा ऐकू येत होता.

खोटं कशाला सांगू, मी हललो नाही. अकरा किलोमीटर अंतर, दाराशी स्कूटर. अंथरुणावर बसून राहिलो. उजाडल्यावर गेलो तर ट्रक फाटकाशी उभा, आणि बायको विहिरीपाशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. डॉक्टर म्हणाले, तहानेनं गेलेत, आठ-दहा दिवस पाण्याचा थेंब मिळालेला नाही. ती म्हणाली, "रात्री पावणेअकराला बोललेत हो माझ्याशी!" उचलायला दोन हमाल पुढे झाले. एकच पुरला.

महिन्याभरात घर बसलं. कोसळलं नाही, आवाजही झाला नाही, भिंती जागच्या जागी खाली सरकल्या आणि ढीग झाला. मला त्या म्हातारीचा राग येत नाही. भीती वाटते. मोटार लावू देणारा मी अजून जिवंत आहे ना.

म्हणून एकदा गेलो. माफी मागायला म्हणा. पहाटेची वेळ होती. पोहरा सोडला, पाणी चाखलं. गोडं, पहिल्यासारखं.

आणि मग कठड्यावर दिसला. ओला ठसा, गोल, कळशीच्या बुडाएवढा. बाकीचा दगड कोरडा. शर्टाच्या टोकानं पुसला. परत उमटला.

बापाची सवय... बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

खारट होता. समुद्राचं खारं मला कळतं, जन्म गेलाय त्यात. हे तसलं नव्हतं. घामासारखं, माणसाच्या अंगातलं होतं. आणि त्या गार दगडावर तेवढीच जागा कोमट होती.