कागदाची फळी

नगरदेवाच्या पालखीच्या दिवशी मी देवळात गेले ती फळांचा नैवेद्य ठेवायला. ठेवला, आणि देवाशी भांडूनच परतले. भांडू नको तर काय करू? अंगणात खू शेठ गळ्यात फळी घालून उभा होता. पूर्वी कैद्यांच्या गळ्यात मधे मानेपुरतं भोक असलेली लाकडाची रुंद फळी अडकवत, तशीच ही, पण कागदाची. ती घालून पालखीमागे चालायचं, शेवटी पुजाऱ्याने उतरवून जाळली की झालं, पाप फिटलं!

याच माणसाने आपल्या फटाक्यांच्या कारखान्याचं दार बाहेरून बंद ठेवलं होतं. आत माझी धाकटी बहीण बी-ग्योक जळून मेली. कोर्टात हा सुटला. आता इथेही सुटणार होता. पालखीचे फटाकेसुद्धा त्याच्याच कारखान्याचे!

"पुरे गं, सिऊ," पुजारी त्सान काका दबक्या आवाजात म्हणाले. "देव ऐकतोय."

"ऐकतोय? मग बहिऱ्यासारखा का बसलाय? मेलेल्यांचा न्यायाधीश म्हणवतो ना? कागद घालून खुनी सुटत असेल, तर ही गादी हवी कशाला!"

शेठ गालातल्या गालात हसला. "बाई, मनापासून कोण येतं, ते देवाला कळतं."

संध्याकाळी काकांनी त्याची फळी उतरवली. सगळ्यांदेखत तिची राख झाली. शेठ मात्र गुडघ्यांवरच.

"काका... काढा ना."

"काढली की!"

"चेष्टा नको... जड होतेय."

लोक हसले. मग तो उठला, आणि देवळाच्या दारातून बाहेर पडताना, काहीतरी चौकटीला अडावं तसा, खेकड्यासारखा आडवा सरकला. आता कुणीच हसेना. हवेत फटाक्यांच्या जळक्या दारूचा वास कोंदला होता.

काही दिवसांनी तो माझ्या शेवयांच्या गाडीपाशी आला. गाल पार बसलेले. घास उचलायचा, पण हात तोंडापासून वीतभर अलीकडेच अडायचा.

"भरव, बाई... घरचे घाबरून पळाले."

"मी? तुला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उपाशी माणूस समोर बघवत नाही मला, काय करू! शिव्या देत चमचा भरून पुढे केला.

टक्.

चमचा हवेतच लाकडावर आपटला. मी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. फळी होती. दिसत नव्हती, पण होती... आणि निखाऱ्यासारखी तापलेली.

माझ्या बोटांवरचे फोड अजून भरले नाहीत. मी रोज देवळात जाऊन ते दाखवते आणि विचारते, फळी त्याच्या गळ्यात ना, मग हात माझे का भाजलेस?