सारवलेली खोली

दौंड स्टेशनवर सम्राटला कोणी ओळखलं नाही. भारतासाठी अकरा मॅच खेळून चार गोल मारलेला स्ट्रायकर बाकड्याशी पिशवी टेकवून उभा होता, आणि चहावाल्यानं विचारलं ते एवढंच, की साखर कमी का? बरंच झालं म्हणा. ओळखलं असतं तर हल्ली गोल का होत नाहीत, हे आलंच असतं.

उत्तर होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. घोट्याखाली त्याला काही जाणवत नव्हतं. पाय पळायचे, बॉलही मारायचे. पण बॉल लागला हे त्याला डोळ्यांनी बघून कळायचं. क्लबच्या डॉक्टरांनी हरतऱ्हेच्या तपासण्या केल्या. सगळं ठणठणीत. आठ दिवसांवर भारतीय संघाचं शिबिर, आणि वय एकतीस. हे हुकलं की खेळ खलास.

इनामगावात आई, सोजरबाई, एकटीच असते. सतराव्या वर्षी सम्राट घराबाहेर पडला, तेव्हापासून तिनं लेक बघितला तो जास्त टीव्हीवरच. त्यानं घराला फरशी घातली, तर बाईनं त्याची मागची खोली तेवढी मातीची ठेवली. दर शनिवारी शेणानं सारवायची. कोणासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

"पाय कसं हायेत?" जेवताना तिनं विचारलं.

"बरं हायेत."

"आबा सांगायचं ते ध्यानात हाय का?"

आबा म्हणजे तिचे वडील, म्हाळू. घोडनदीकाठी उत्खनन चाललं होतं तेव्हा त्यांनी तिथं मातीच्या पाट्या उचलल्या होत्या. ते सांगायचे, तीन हजार वर्षांमागची माणसं मेलेल्याला घरातच पुरायची, आणि पुरताना पाय घोट्यापासून तोडायची. आपल्या माणसानं घर सोडून जाऊ नये म्हणून.

"लय माया असणार त्येंची," सोजरबाई म्हणाली.

"आपण असलं मानतो व्हय?"

"मानत न्हाई. आठवलं म्हणून बोलले."

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी त्यानं मागच्या खोलीचं दार लोटलं. सकाळचं सारवण अजून ओलसर होतं. दारापासून खाटेपर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. आत जाणारीच, परत येणारं एकही नाही. डाव्या पावलाची करंगळी कुठंच टेकली नव्हती. तशी करंगळी त्याचीच होती; एकोणिसाव्या वर्षी कोलकात्याच्या मैदानावर मोडली, तेव्हापासून टेकत नव्हती.

त्यानं खाली बघितलं. पायांत मोजे होते. कोरडे.

"आई, हे कवापास्नं?"

"जानेवारीपास्नं. एक तारखेला कोरेगावला जाऊन आले, दुसऱ्या दिवशी सारवलं, तर ही अशी. पयल्यांदा भ्याले. मग म्हणलं, असू दे. तेवढीच सोबत."

दोन जानेवारी. त्या संध्याकाळी मोकळ्या गोलसमोर त्याचा डावा पाय बॉलवरच पडला होता आणि सम्राटला ते कळलंही नव्हतं.

त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. त्यानं ज्ञानदेव गवंड्याला फोन लावला. उद्या अकराला या, मागच्या खोलीला फरशी बसवा.

"नको रं," आई म्हणाली. "बुजतील ती."

"बुजू देत. मला खेळायचंय, आई."

"बरं," ती म्हणाली. "त्येच्या आधी एकदा शेणाचा हात फिरवते."

सकाळी दहाच्या एसटीनं तो निघाला. आई दारापर्यंत आली, फाटकापर्यंत आली नाही.

भीमेचा पूल आला आणि त्याच्या तळव्यांना गुदगुल्या झाल्या.

बुटांत, मोज्यांत, थेट कातडीवर. ओला, खरबरीत तळहात टाचेकडून बोटांकडे सावकाश जात होता. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आपले पाय जाणवत होते. मोडक्या करंगळीपाशी तो हात जरा थांबला. सम्राटला रडू आवरेना.

मग त्यानं घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी.

त्यानं आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन पुढच्या खोलीत असणार, आणि ती मागच्या.

"ड्रायव्हर, गाडी थांबवा."

पुलावर थांबता येत नाही, तो म्हणाला.

हात निघून गेला.

तळव्यांवर काहीतरी गार, सपाट, जड येऊन टेकलं. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

वरून हातोडीच्या दांड्यानं तीनदा ठोकलं.

मग काहीच जाणवलं नाही.